चुकायचं तर जोरात

सोड्याच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात एकदा भोंगा बिघडला. पाळी सुटायची वेळ होऊन गेली तरी कुणाला पत्ता नाही, कारण बाटल्या धुणाऱ्या यंत्रांचा खणखणाट असा, की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी तिला वाटावं ही जांभई देतेय. मुकादम एकेकीच्या खांद्याला हात लावून सांगत फिरत होता आणि घामाघूम होत होता. तेवढ्यात धुलाईच्या पट्ट्यावरची एक काडीसारखी पोरगी स्टुलावर चढली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, "सुटलीऽऽ!" बायांनी हातातल्या बाटल्या ठेवल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं फाटक उघडलं. रस्त्यापलीकडच्या केश कर्तनालयात एका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा लागला म्हणतात, पण ते आपलं लोक वाढवून सांगतात.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं भोंगा. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव पगाराच्या पाकिटापुरतं उरलं.

आईला हे नाव मुळीच आवडलं नव्हतं. "अगं, मुलीच्या जातीनं कसं मुंगीच्या पावलानं बोलावं," ती म्हणायची. भोंगा म्हणायची, "मुंगीचं कुणी ऐकतं का?" यावर आई भांडी आपटायची. म्हणजे आवाज कुठून आला हे काही वेगळं सांगायला नको.

तिचा मामेभाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. तिच्यापेक्षा मोठा, ती त्याला दादा म्हणायची. सहा-आठ महिन्यांनी परत आला की मामीला साबण, मामांना तंबाखू आणि हिला कसली तरी कॅसेट. एकदा त्यानं आणलेली कॅसेट लावली आणि मामी स्वयंपाकघरातून धावत आली, म्हणाली, "बंद कर ते, यंत्र जळालं वाटतं." भोंगा मात्र खाटेवर ताठ बसली होती. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपलंसुद्धा. गाणारी बाई गात नव्हतीच, भांडत होती. भाषा एका अक्षरानं कळत नव्हती, पण भांडण कळत होतं. भांडणाला भाषा लागते कुठे?

"दादा, हे काय आहे?"

"पंक म्हणतात याला."

आता ही पंक काय भानगड, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल केस रंगवून आरडाओरडा करणारी पोरं, दुसरं काय! सत्तरच्या दशकात समुद्रापलीकडच्या मोठ्या शहरांत रॉक संगीत फार शहाणं होऊन बसलं होतं. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं, गिटारवाला डोळे मिटून बोटं चालवतोय, ऐकणारे खाली बसून माना डोलवतायत. वाजवायचं तर वर्षानुवर्षं तालीम हवी आणि महागडं सामान हवं. आणि बाहेर रस्त्यावर पोरांना काम नाही, भाड्याच्या खोलीत ओल, घरात कटकट. त्यांनी एक दिवस ठरवलं, की गेलं खड्ड्यात तुमचं शहाणपण. गिटारच्या तारा एकत्र दाबून वाजवायचे तीन कॉर्ड शिकले की झालं, बँड काढा. कपडा फाटला तर सेफ्टीपिन लावा आणि तीच मिरवा. कुणी छापत नाही? स्वतः टंकून, फोटोकॉपी काढून वाटा. कुणी रेकॉर्ड काढत नाही? स्वतः काढा. आपला हात जगन्नाथ! नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण हिणवतो ना, त्यावर या पोरापोरींनी उत्तर दिलं, की असू दे वाकडं, आम्ही त्याच अंगणात नाचणार, बघायचं तर बघा. गाणी दोन-दोन मिनिटांची. सांगायचं ते सांगितलं की उतरायचं.

दादानं हे सगळं बंदराबंदरातल्या तळघरांत पाहिलं होतं आणि बटाटे सोलता सोलता तीन कॉर्डही शिकून घेतले होते. त्यानं जहाज सोडलं, उपाहारगृहात लागला आणि जुनी गिटार घेऊन आला. ढोल वाजवायला मिळाला तो नाक्यावरचा पंक्चरवाला. हा माणूस दिवसभर टायरवर हातोडी मारायचा, त्याला फक्त हातोडीऐवजी काड्या द्यायच्या होत्या. त्याच्या दुकानाखाली जुन्या टायरांनी भरलेलं तळघर होतं, आणि टायर आवाज पितात. बास गिटारला आली वकिलाच्या कचेरीतली टायपिस्ट. चष्मा, घट्ट अंबाडा, तोंडातून ब्र काढायची नाही. दिवसभर 'सदरहू' आणि 'उपरोक्त' टंकून टंकून तिच्या मनात काय साठलं होतं ते तिलाच ठाऊक. कचेरीच्याच यंत्रावर ती बँडचं चार पानी पत्रक टंकायची आणि साहेब जेवायला गेले की प्रती काढायची.

आणि गायला भोंगा.

तळघरात मूळ नियम एकच होता. कुणी लिहिला नाही, पहिल्याच रविवारी पंक्चरवाल्यानं काडी मोडल्यावर तो आपोआप झाला. काडी मोडली, तो थांबायला लागला, तर भोंगा गाता गाता त्याच्याकडे वळून ओरडली, "थांबतोस काय! चुकायचं तर जोरात चूक!" त्यानं पान्हा उचलला आणि त्या पान्ह्यानंच वाजवलं. तेव्हापासून वाजवताना कुणी थांबायचं नाही. तालीमही करायची नाही, कारण तालमीत माणूस थांबायला शिकतो. आणि तळघरात खुर्ची आणायची नाही. बसायचं असेल त्यानं घरी बसावं.

दर रविवारी दुपारी, पंक्चरचं दुकान बंद असताना, तिथं वाजायचं. आधी टायरांनी ऐकलं, मग कारखान्यातल्या बाया आल्या, मग त्यांच्या मागून अख्खी पाळी यायला लागली.

त्यांचं एकच गाणं गावभर झालं. कारखान्यात नवा साहेब आला होता, त्याच्या डोक्यात आलं की बाया पाळीच्या वेळात संडासात जाऊन वेळ काढतात. त्यानं संडासाला कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या टेबलावर ठेवली. हवी असेल तिनं येऊन मागायची. आता सांगा, बाईमाणसानं परक्या पुरुषासमोर जाऊन ही किल्ली मागायची! बाया पाणी प्यायच्या बंद झाल्या. एकीला चक्कर आली, दुसरीला मूत्राशयाचं दुखणं लागलं, पण सगळ्या मूग गिळून गप्प. भोंग्यानं रविवारी गाणं केलं. गाणं कसलं, हाळी होती:

"कुलूप कुणाचं?"
"साहेबाचं!"
"पोट कुणाचं?"
"आमचं!"

सोमवारी धुलाईच्या पट्ट्यावर एकीनं विचारलं, कुलूप कुणाचं? यंत्राच्या वरताण उत्तर आलं. मग भरणीच्या पट्ट्यावरून, मग झाकणांच्या, मग खोकी उचलणारे गडीसुद्धा ओरडायला लागले. साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आला, पण ओरडतंय कोण हे कसं कळणार? सगळ्यांचीच तोंडं उघडी. आठवडा संपायच्या आत कुलूप निघालं. भोंग्याला मात्र कामावरून काढलं, कारण बाकीच्यांचे आवाज एकमेकांत लपले, पण हा आवाज कसा लपणार? तिला त्याचं काही वाटलं नाही. भाजीबाजारात हमालीच्या नोंदी पुकारायचं काम तिला दुसऱ्याच दिवशी मिळालं. असा गळा बाजाराला हवाच असतो.

पुढे तिनं पंक्चरवाल्याशी लग्न केलं. मुलगी झाली. मुलगी झाली ती अगदी आजीच्या वळणाची, मुंगीच्या पावलाची. शाळेत पालकसभेला आई आली की ती बाकाखाली वाकून बुटाची नाडी बांधायची. पुढे शिकली, औषधांच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकाच्या दुखण्याबद्दल हळू आवाजात विचारायची, म्हणून लोकांना ती फार आवडायची. आईवर जीव होता तिचा, खूप होता. फक्त आईचा आवाज तिला कायम दोन पावलं पुढे गेलेला वाटायचा.

आणि एका वर्षी तो आवाज बसला. सर्दी असेल, म्हणून महिना घालवला. आल्याचा रस झाला, गुळण्या झाल्या. मग मोठ्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रातच गाठ आहे, आणि वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल.

"म्हणजे बोलता येणार नाही?" लेकीनं विचारलं.

"जगता येईल," डॉक्टर म्हणाले. माणूस चांगला होता, पण हे वाक्य त्यानं आधीही बऱ्याच जणांना म्हटलेलं असणार.

भोंगा जगली. गळ्याच्या खळग्यात एक भोक राहिलं, श्वास आता तिथूनच यायचा-जायचा, वर एक पांढरं फडकं. बाकी सगळं होतं तसं. जीभ होती, ओठ होते, डोक्यात शिव्याही पूर्वीइतक्याच होत्या. नव्हता तो फक्त आवाज. हसली तरी आवाज नाही. रडली तर गळ्यातून नुसती हवा सूं करायची, आणि ते ऐकून तिला आणखी रडू यायचं.

दवाखान्यातून एक यंत्र मिळालं. लहान टॉर्चएवढं. हनुवटीखाली मऊ जागा बघून दाबायचं, बटण दाबलं की ते घुंईऽऽ करतं, आणि तोंडानं शब्दांचा आकार दिला की त्या घुंईचेच शब्द होतात. सगळे शब्द एकाच सुरात. राग, लाड, प्रश्न, सगळं सारखंच. पहिल्यांदा ती ते घेऊन लेकीबरोबर किराणा दुकानात गेली आणि म्हणाली, "साखर द्या." मागचा एक गृहस्थ म्हणाला, "कुणाचा रेडिओ बिघडला हो?" लोक हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण हसले. दुकानदारानं लेकीकडे बघून विचारलं, "आईला साखर चालते ना?"

तिथं उभी होती ती. हातभर अंतरावर. पण त्यानं विचारलं लेकीला आणि लेकीनं उत्तर दिलं, "चालते, अर्धा किलो द्या."

घरी आल्यावर भोंग्यानं यंत्र कपाटात साड्यांखाली टाकलं आणि कपाट लावून घेतलं.

तेव्हापासून लेकच तिचं तोंड झाली. डॉक्टरांना आई काय म्हणते, शेजारणीला आई कशी आहे, दाराशी आलेल्या वायरमनला आई सांगते मीटर कुठे आहे, सगळं लेक. मायेनंच करायची, आणि मायेनं केलेल्या गोष्टीशी भांडणार कसं? नवऱ्याला तर शब्दांची गरजच नव्हती. हिनं भुवई उचलली की तो चहा ठेवायचा. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की भोंगा घरात हळूहळू एखाद्या कपाटासारखी झाली. कपाटाची काळजी सगळे घेतात, पण त्याला कुणी काही विचारत नाही. तिला ते कळत होतं, आणि आतल्या आत ती जळत होती.

मग टायपिस्टबाई निवृत्त झाली, आणि दादा म्हणाला की तळघरात पुन्हा एकदा वाजवू, भोंग्याच्या सन्मानार्थ. सन्मानार्थ! आयुष्यभर पंक वाजवलेल्या माणसांना म्हातारपणी हे सुचावं! पण प्रेमानं माणूस काय काय चुका करतो. टायपिस्टबाईची सून लग्नसमारंभात गायची, गळा गोड, ती गाणार होती. आणि या तिघांनी चक्क तालीम केली. महिनाभर, भोंग्याला न सांगता. पंक्चरवाल्यानं घड्याळ लावून ताल पक्का केला. आता बोला.

रविवारी दुपारी लेक तिला धरून तळघरात घेऊन आली. जुन्या कारखान्यातल्या बाया होत्या, त्यांच्या मुली होत्या, केस रंगवलेली नवी पोरं होती. आणि पुढे, अगदी मधोमध, एक खुर्ची. वर उशी.

भोंगा खुर्चीकडे बघत राहिली.

"बस आई," लेक म्हणाली. "तुझ्यासाठीच आहे."

ती बसली नाही. पण काही म्हणताही येईना, म्हणून सगळ्यांना वाटलं भारावली.

सुनेनं गायला सुरुवात केली. काय सांगू, छान गायली. "कुलूप कुणाचं" असं तिनं विचारलं, की वाटावं पाळण्यातल्या बाळाला विचारतेय. साहेबानं हे ऐकलं असतं तर खूश होऊन आणखी एक कुलूप लावलं असतं. लोक "साहेबाचं" म्हणत होते, देवळात म्हणतात तसं, एकमेकांना धक्का न लावता. दुसऱ्या कडव्याला सून एक ओळ विसरली. तिनं हात वर केला, बँड थांबला, आणि ती लाजून म्हणाली, "सॉरी हं, पुन्हा सुरू करते."

बँड थांबला. तिघेही थांबले. त्या तळघरात!

भोंग्यानं खुर्ची उचलली आणि टायरांच्या ढिगावर फेकली. उशी आधी पडली, मग खुर्ची. सगळे दचकले. ती पुढे चालायला लागली तशी लेकीनं तिचा दंड धरला.

"आई, नको ना. लोक हसतील गं."

भोंग्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग एकेक करून तिची बोटं सोडवली आणि थेट ढोलापाशी जाऊन नवऱ्यासमोर हात पसरला. पंक्चरवाल्यानं शर्टाच्या खिशातून ते यंत्र काढून तिच्या हातावर ठेवलं. इतके महिने तो ते साड्यांखालून काढून चार्ज करत होता आणि परत ठेवत होता, आज मात्र खिशात घालून आला होता. मूर्ख माणूस! पण असा एक तरी मूर्ख प्रत्येकीच्या घरी असावा.

सुनेनं माइक पुढे केला आणि बाजूला झाली. शहाणी मुलगी. भोंग्यानं एका हातात माइक घेतला, दुसऱ्या हातानं यंत्र गळ्याला लावलं. घाईत जागा चुकली. माइकमधून नुसतं घर्रर्र आलं, एवढं मोठं, की मागची काही पोरं खरंच हसली. लेकीनं मान खाली घातली.

भोंग्यानं यंत्र बोटभर सरकवलं.

"हसा," यंत्रातून आलं, सपाट, धातूचं. "हसायचं तर जोरात हसा."

आता कुणी हसेना.

"कुलूप कुणाचं?"

उत्तर आलं नाही, लोक अजून सावरत होते. दादानं मात्र गिटारवर हात मारला. यंत्राचा सूर एक, गिटारचा दुसरा, दोन्ही असे एकमेकांवर आदळले की दात शिवशिवले. दादाचा हात थबकला. भोंगा गर्रकन वळली. त्या डोळ्यांपुढे थांबायची दादाची छाती नव्हती. उजव्या हातानं वाजवत, मध्येच डावा हात वर नेऊन तो खुंट्या पिळायला लागला. तारा कण्हत कण्हत खाली आल्या. टायपिस्टबाईनंही चष्मा वर सरकवला आणि आपल्या तारा सैल केल्या. गाणाऱ्यानं वाद्याशी जुळवून घ्यायचं, ही जगाची रीत. पण यंत्राला सूर बदलणं माहीत नव्हतं आणि भोंगा थांबणार नव्हती, तेव्हा वाद्यांनाच खाली उतरून तिच्यापर्यंत यावं लागलं. आली. आणि एका क्षणी सगळं जुळलं, तशी पायाखालची फरशी थरथरली.

"कुलूप कुणाचं?"

"साहेबाचं!"

"पोट कुणाचं?"

"आमचं!"

महिनाभराची तालीम पंक्चरवाला विसरून गेला आणि पिसाटासारखा वाजवायला लागला. आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती, भोंग्याच्याही नाही. यंत्राला श्वास लागत नाही. पूर्वी दोन ओळींमध्ये ती दम घ्यायची, आता त्याची गरजच नव्हती. कडवं संपलं की पुढचं, ते संपलं की पुढचं. उत्तर देणाऱ्यांची छाती भरून आली, जुन्या बाया गुडघे धरून उभ्या राहिल्या, केस रंगवलेली पोरं धापा टाकायला लागली, आणि ती आपली गळ्यावर यंत्र दाबून विचारतेय, विचारतेय, विचारतेय. जोर तोच, सूर तोच. तिच्या गळ्यावरचं पांढरं फडकं फडफडत होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते.

गाणं तिनं संपवलं तेव्हाच संपलं.

वर दुकानात सगळे घाम पुसत उभे होते. धुलाईच्या पट्ट्यावरची एक जुनी मैत्रीण गर्दीतून वाट काढत आली. भोंग्याचा हात तिनं हातात घेतला, पण तोंड वळवलं लेकीकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय म्हणते गं तुझी आई? फार त्रास होत असेल ना तिला बोलायला?"

लेकीनं सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं. आईकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत एवढ्या मोठ्यानं बोलली, की वळून बघणाऱ्यांत तिचा बापही होता.

"तिलाच विचारा की मावशी. समोर तर उभी आहे."

मैत्रीण ओशाळली आणि भोंग्याकडे वळली. भोंग्यानं हनुवटी वर केली, यंत्र लावलं, या खेपेला बरोबर जागेवर.

"मला नाही," ती म्हणाली. "ऐकणाऱ्यांना."